सख्खा भाऊ ब्रिटनचा गुप्तहेर होता, ड्यूक्स साहेबांनी मात्र आयुष्यभर कॅन्सरच्या लपायच्या जागा शोधल्या

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काही दिवसांनी पेशंटच्या घरच्यांच्या हातात एक रिपोर्ट पडतो. सगळा इंग्रजीत. निम्मे शब्द डोक्यावरून जाणारे. पण त्यात दोन आकडे असतात आणि डॉक्टरांची नजर आधी तिथेच जाते. काढलेल्या आतड्यासोबत लिम्फ नोड किती सापडले, आणि त्यातल्या किती नोडमध्ये कॅन्सर निघाला.

ऑपरेशननंतर केमोथेरपी घ्यायची की नाही, हे बऱ्याच अंशी या दोन आकड्यांवर ठरतं.

हे आकडे इतके महत्त्वाचे का झाले, याचा शोध घेत मागे गेलं की एक नाव सापडतं. डॉ. कथबर्ट ड्यूक्स.

आधी लिम्फ नोड म्हणजे काय ते बघू. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते म्हणजे सुजलेला लिम्फ नोड. मराठीत लसिका ग्रंथी. शरीरभर लसिका नावाचा द्रव बारीक नळ्यांतून वाहतो आणि वाटेत या ग्रंथी गाळणीसारखं काम करतात. आतड्यातला कॅन्सर पसरायला लागला की त्याच्या पेशी याच नळ्यांतून निघतात आणि जवळच्या नोडमध्ये अडकतात. म्हणजे नोडमध्ये कॅन्सर सापडला, तर तो घराबाहेर पडलाय असं समजायचं.

आता ड्यूक्स साहेबांकडे येऊ.

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात ब्रिजवॉटर नावाचं गाव आहे. तिथे 1890 साली कथबर्ट ड्यूक्स यांचा जन्म झाला. वडील एडविन ड्यूक्स धर्मोपदेशक होते आणि त्याआधी मिशनरी म्हणून चीनमध्ये राहून आलेले.

घरातली पोरं एकाहून एक निघाली. एक भाऊ ॲशली नाटककार झाला. दुसरा भाऊ पॉल थेट गुप्तहेर. रशियात क्रांती झाल्यावर वेषांतर करून तिथे राहायचं आणि माहिती लंडनला पोचवायची, हे त्याचं काम. त्यासाठी 1920 साली त्याला सर ही पदवी मिळाली.

अशा घरात कथबर्ट यांनी एडिनबरोला जाऊन डॉक्टरकी केली. 1914 साली पदवी हातात आली आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. सैन्यात डॉक्टर म्हणून काम केलं, ब्रिटिश सरकारने सन्मानही दिला. युद्धानंतर ते लंडनमध्ये बॅक्टेरियॉलॉजी शिकवू लागले.

मग आलं 1922 साल. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलने त्यांना पॅथॉलॉजिस्ट म्हणून घेतलं.

हे हॉस्पिटल फक्त अवघड जागेच्या दुखण्यांसाठी होतं. मूळव्याध, भगंदर, गुदाशयाचा कॅन्सर. फ्रेडरिक सॅमन नावाच्या सर्जनने 1835 साली गरिबांसाठी ते सुरू केलं होतं. याच सॅमनने पुढे कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांचं भगंदराचं ऑपरेशन केलं होतं.

ड्यूक्स आले तेव्हा गुदाशयाच्या कॅन्सरची सर्जरी नुकतीच बदलली होती. आधी सर्जन खालच्या बाजूने फक्त कॅन्सरचा भाग काढायचे आणि बहुतेक पेशंटना तो पुन्हा व्हायचा. लंडनचेच सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी मेलेल्या पेशंटचं शवविच्छेदन करून कारण शोधलं. कॅन्सर वरच्या दिशेने नोडमध्ये पोचलेला असायचा आणि तो भाग आतच राहायचा. 1908 साली त्यांनी नवी पद्धत मांडली. पोट आणि खालची बाजू, दोन्हीकडून जायचं आणि गुदाशय, आजूबाजूची चरबी, नोड असं सगळं एकत्र काढायचं.

ऑपरेशन भयंकर होतं, सुरुवातीला बरेच पेशंट दगावले. पण त्यामुळे पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर पहिल्यांदाच नोडसकट अख्खा भाग येऊ लागला.

तोवर पॅथॉलॉजिस्टचं काम म्हणजे कॅन्सर आहे की नाही ते सांगणं. ड्यूक्स पुढे गेले. आलेल्या भागातली चरबी ते थोडी थोडी कापत, बोटांनी चाचपत आणि एकेक नोड बाहेर काढत. कोणता नोड कुठे होता, कॅन्सरपासून किती लांब, रक्तवाहिनीच्या कोणत्या टप्प्यावर, याची नोंद ठेवत. मग प्रत्येक नोड मायक्रोस्कोपखाली.

सांगायला सोपं वाटतं. पण नोड असतात काही मिलिमीटरचे. पिवळट चरबीत पिवळट दाणे. काही तर तांदळाच्या कणीपेक्षा लहान. एका पेशंटसाठी तासन्‌तास जायचे.

मदतीला बसी नावाचा एक तरुण पोरगा प्रयोगशाळेत होता. डॉक्टर नसलेला हा बसी ड्यूक्स यांच्यासोबत नोंदी ठेवता ठेवता पुढे स्वतःच या विषयातला मोठा जाणकार झाला. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आतड्यात शेकडो कोंब येतात आणि त्यांचा कॅन्सर होतो, अशा कुटुंबांची नोंदवही सेंट मार्क्समध्ये 1920 च्या दशकातच सुरू झाली, त्यामागेही हीच टीम होती. साध्या कोंबातून कॅन्सर कसा तयार होतो, हे ड्यूक्स यांनी 1926 साली मांडलं. आज कॉलोनोस्कोपी करताना दिसलेला कोंब लगेच काढून टाकतात, त्यामागे हाच विचार आहे.

मग 1932 साली ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या कॅन्सरचे तीन गट पाडले.

ए म्हणजे कॅन्सर आतड्याच्या भिंतीतच आहे. बी म्हणजे भिंत ओलांडून बाहेर आलाय, पण नोड साफ आहेत. सी म्हणजे नोडमध्ये कॅन्सर आहे. बस, एवढंच.

पण या तीन अक्षरांनी मोठा गोंधळ मिटवला. एकाच सर्जनने एकसारखंच ऑपरेशन केलेले दोन पेशंट. एक वीस वर्षं जगतो, दुसरा दोन वर्षांत जातो. असं का, हे आता सांगता येऊ लागलं. ए गटातले बहुतेक जण बरे व्हायचे, सी गटातल्यांचं चित्र सगळ्यात वाईट असायचं. 1935 साली सर्जन गॅब्रिएल आणि बसी यांच्यासोबत ड्यूक्स यांनी सी गटाचेही दोन भाग केले. फक्त जवळचे नोड बाधित असतील तर पहिला, आणि सर्जनने रक्तवाहिनी बांधली तिथपर्यंत कॅन्सर पोचला असेल तर दुसरा.

आता इथे एक गोची आहे, आणि ती ड्यूक्स यांच्या पद्धतीच्या मुळातच आहे.

समजा चरबीत पंधरा नोड आहेत. शोधणाऱ्याला सापडले सहा. सहाही साफ. रिपोर्टवर अक्षर येणार बी. पण न सापडलेल्या नऊपैकी एकात कॅन्सर असेल तर? पेशंट खरं तर सी आहे आणि कागदावर बी. 1990 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने नोडमध्ये कॅन्सर असलेल्या मोठ्या आतड्याच्या पेशंटना ऑपरेशननंतर केमो द्यावी अशी शिफारस केली. तेव्हापासून अक्षर चुकणं म्हणजे औषध चुकणं झालं. म्हणूनच आज किमान 12 नोड तपासावेत असा नियम आहे.

या शोधाला सोपं करायला आले रंग.

मिथिलीन ब्लू हा निळा रंग 1876 साली जर्मनीत कापड रंगवण्यासाठी तयार झाला. 2007 साली जर्मनीतल्याच ऑग्सबर्गच्या डॉक्टरांनी एक साधी युक्ती मांडली. काढलेल्या आतड्याच्या रक्तवाहिनीत हा रंग सोडायचा. नोड निळे पडतात, चरबी पिवळीच राहते. लपलेले दाणे डोळ्यांना दिसायला लागतात आणि सापडणाऱ्या नोडची संख्या वाढते.

दुसरी पद्धत ऑपरेशन चालू असतानाची. इंडोसायनिन ग्रीन नावाचं द्रव्य कॅन्सरच्या आजूबाजूला टोचतात. ते लसिकेच्या नळ्यांतून नोडपर्यंत जातं आणि खास कॅमेऱ्यातून बघितलं की चमकतं. सर्जनला स्क्रीनवर वाटच दिसते. चीनमध्ये यासाठी कार्बनचे अतिसूक्ष्म काळे कण वापरतात.

पण रंग म्हणजे जादू नाही. नोड कॅन्सरने पूर्ण भरला असेल किंवा नळी बुजली असेल, तर रंग तिथे पोचतच नाही. ज्या नोडमध्ये धोका सगळ्यात जास्त, नेमका तोच रंगाशिवाय राहू शकतो. म्हणून रंगलेले नोड काढले आणि काम झालं, असं आतड्याच्या कॅन्सरमध्ये करत नाहीत. जास्त नोड सापडले म्हणून दरवेळी कॅन्सर असलेले नोड जास्त निघतात असंही नाही. पण नोड साफ आहेत असं सांगताना त्या सांगण्यामागे किती शोध आहे, ते कळतं.

ड्यूक्स यांच्याकडे यातलं काही नव्हतं. चाकू, बोटं आणि मायक्रोस्कोप एवढ्यावरच त्यांनी काम केलं. 1956 साली ते निवृत्त झाले आणि 1977 साली गेले. आज ए, बी, सी ऐवजी टीएनएम ही पद्धत वापरतात. त्यातला एन म्हणजे नोड. एक ते तीन नोड बाधित असतील तर एन 1, चार किंवा जास्त असतील तर एन 2. अक्षरं बदलली, पण शोधायचं तेच आहे.

तुमच्या घरात कोणाचा असा रिपोर्ट आलाच, तर पेशंटच्या स्टेजसोबत किती नोड तपासले हेही बघा. आकडा 12 पेक्षा कमी असला म्हणून कोणी चूक केलीच असं समजू नका. आधी रेडिएशन झालं असेल किंवा वय जास्त असेल तर नोड कमी सापडतात. पण डॉक्टरांना तो प्रश्न नक्की विचारा. उत्तरावर पुढची ट्रीटमेंट बदलू शकते.