सोन्याच्या खाणीत २ किलोमीटर खाली होमी भाभांची टीम काय शोधत होती?

राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत चहा पीत उभे राहा. तेवढ्यात तुमच्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदाला सूर्याकडून आलेले साधारण ६,५०० कोटी न्यूट्रिनो आरपार जातात. पत्ताही लागत नाही.

हे कण पकडायला आज दक्षिण ध्रुवाच्या बर्फात ५,१६० काचेचे गोळे पुरलेत. प्रत्येकात अगदी अंधुक प्रकाश टिपणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब. प्रकल्पाचं नाव आइसक्यूब. पण साठ वर्षांपूर्वी भारतानं बर्फाऐवजी खाण वापरली होती. त्या वाटेवर नेलं होमी भाभांनी.

भाभा मुंबईचे, जन्म १९०९ चा. पोरानं इंजिनिअर होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात जावं, ही वडिलांची इच्छा. भाभांचं मन मात्र भौतिकशास्त्रात. मग तडजोड झाली. केंब्रिजला आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पास व्हायचं, नंतर हवं ते शिकायचं. १९३० मध्ये त्यांनी ते करून दाखवलं.

१९३७ मध्ये त्यांनी हाइटलर यांच्यासोबत एक गणित मांडलं. वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात शिरला की त्यातून फोटॉन, फोटॉनमधून पुन्हा इलेक्ट्रॉन, असा कणांचा पाऊस कसा पडतो, याचं.

१९३९ ला ते सुट्टीवर भारतात आले, युद्ध पेटलं आणि इथेच राहिले. १९४५ मध्ये टीआयएफआर सुरू केली. १९५१ च्या सुमारास त्यांनी तरुण श्रीकांतन यांना कर्नाटकातल्या कोलारच्या खाणीत मोजमापाला पाठवलं. वरचा खडक बाकीचे वैश्विक कण अडवतो, हा त्यातला फायदा.

पुढे मेनन, श्रीकांतन, नरसिंहम यांनी ओसाका आणि डरहॅमच्या शास्त्रज्ञांसोबत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर यंत्रं लावली. डोकं इथे लावलंय बघा. वरून येणारे उरलेसुरले म्युऑन सरळ खाली येतात. म्हणून प्रकाश देणाऱ्या खास प्लास्टिकच्या उभ्या भिंती केल्या आणि फोटोमल्टिप्लायर त्यांच्यावर नजर ठेवू लागले. आडवा म्युऑन दोन्ही भिंतींत चमकला, तर तो खडकात न्यूट्रिनो आदळून तयार झालेला असण्याचीच शक्यता जास्त.

१९६५ मध्ये असे म्युऑन सापडले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत राइनेस यांच्या टीमलाही ते दिसले.

काही महिन्यांतच, २४ जानेवारी १९६६ ला, भाभांचं विमान माँ ब्लाँच्या बर्फावर कोसळलं. वय ५६.

आइसक्यूबमध्ये इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो धडकला की बर्फात प्रकाशाचा गोळा उमटतो. शास्त्रज्ञ त्याला कॅस्केड म्हणतात. त्यामागे असतो तोच १९३७ च्या गणितातला कणांचा पाऊस.