विश्लेषण : सिंधुदुर्ग आधी मजबूत, म्हणूनच सुंदर! कोण होते हिरोजी इंदुलकर?

मालवणला आलेला पर्यटक समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो काढल्याशिवाय परतत नाही. मात्र डोळ्यांना भावणारी ही नागमोडी तटबंदी शोभेसाठी बांधलेली नाही. या बांधकामाचे श्रेय परंपरेने ज्यांना दिले जाते, ते हिरोजी इंदुलकर कोण होते?

हिरोजींची ओळख काय?

हिरोजी इंदुलकर हे छत्रपती शिवाजी महाराजांचे दुर्गस्थपती. आग्र्याहून सुटकेच्या प्रसंगाशी जोडले जाणारे हिरोजी फर्जंद वेगळे. नावे सारखी असल्याने अनेकदा गल्लत होते.

सिंधुदुर्गाची रचना अशी का?

जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांना शह देण्यासाठी महाराजांना समुद्रात ठाणे हवे होते. त्यासाठी मालवणजवळचे कुरटे बेट निवडले गेले. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कामाचा मुहूर्त झाला आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. लाटांच्या माऱ्यात पाया हलू नये म्हणून पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतण्यात आले. सुमारे ४८ एकरांच्या या किल्ल्याचा तट ३० फूट उंच आणि १२ फूट रुंद आहे. तो बेटाच्या खडकाळ कडेने वळणे घेत जातो. त्यामुळे तटाला भिडणाऱ्या शत्रूवर बाजूच्या बुरुजांवरूनही मारा करता येई.

दरवाजा दिसत का नाही?

महादरवाजा बुरुजांच्या आड दडवलेला आहे. होडी अगदी जवळ येईपर्यंत तो नजरेस पडत नाही. वाटेला वळण असल्याने दरवाजावर थेट धडक देणे कठीण होते. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी असताना वेढ्यात टिकून राहायचे, तर तटाइतकेच महत्त्व या विहिरींना होते.

रायगडावर काय केले?

१६७४ मध्ये राज्याभिषेक झाला त्या रायगडाचे काम हिरोजींनी केले. तेथेही महादरवाजा बुरुजांच्या कवेत लपलेला आहे. नगारखान्याच्या दारात हळू बोललेले सिंहासनाच्या जागेपर्यंत ऐकू येते. जगदीश्वर मंदिराजवळच्या संस्कृत शिलालेखात विहिरी, तळी, बागा, रस्ते आणि राजवाडे यांच्या उभारणीचे श्रेय हिरोजींना दिले आहे. त्यांनी स्वतःचे नाव मात्र मंदिराच्या एका पायरीवर कोरले, सेवेला तत्पर असल्याच्या उल्लेखासह. भाविकांचे पाय लागतील अशी ही जागा.

आज त्यातून काय शिकायचे?

सिंधुदुर्गासमोरच, मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. साडेतीनशेहून अधिक पावसाळे झेललेला सिंधुदुर्ग तेथून समोरच दिसतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत सिंधुदुर्ग आणि रायगड दोन्ही आहेत. समुद्रकाठी काही उभारायचे, तर वारा, खारी हवा आणि लाटा यांचा हिशेब आधी करावा लागतो. सिंधुदुर्गात तो पायापासून केलेला दिसतो आणि त्याचे देखणेपणही त्यातूनच आले आहे.