गांधीजी आयफेल टॉवरवर चढले होते?

हो, तेही दोन-तीनदा! मांस खाणार नाही, असा शब्द आई पुतळीबाईंना देऊन मोहनदास लंडनला बॅरिस्टरी शिकायला गेले होते. तिथून ते पॅरिसचे मोठे प्रदर्शन पाहायला गेले. आयफेल टॉवर त्यासाठीच १८८९ मध्ये उभारलेला. शाकाहारी उपाहारगृह शोधून तिथेच सात दिवस मुक्काम केला आणि हातात नकाशा घेऊन शहर बहुतेक पायीच पाहिले. एवढे काटकसरी, पण उंचावर जेवल्याचे सांगता यावे म्हणून टॉवरवर सात शिलिंग उडवले! मनात भरले मात्र नोत्र दाम चर्च.

१२ जून १८९१ रोजी ते बोटीने मायदेशी निघाले. मुंबई बंदरात भाऊ न्यायला आला होता. आई गेल्याचे तेव्हा कळले. परमुलखात धक्का नको, म्हणून घरच्यांनी ते कळवलेच नव्हते.