नामदार जगन्नाथ शंकरशेट

ज्यांच्या नामस्मरणाने आपल्या दैवज्ञ ज्ञातीची मान उंचावते, त्यांत नामदार जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट अग्रगण्य होत. सातारा-सांगलीकडील आपल्या मुलांना त्यांचे नाव ठाऊक असते, चरित्र मात्र क्वचितच. म्हणून ते येथे संक्षेपाने देत आहोत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. मूळ आडनाव मुरकुटे. वडील शंकरशेट हे मुंबईतील मोठे व्यापारी. १८२२ मध्ये ते निवर्तले आणि पेढीचा सर्व भार तरुण नानांवर पडला. त्यांची सचोटी अशी की, अरब व अफगाण व्यापारीही आपले धन विश्वासाने त्यांच्याकडे ठेवीत.

परंतु नानांचे लक्ष केवळ तिजोरीवर नव्हते. शिक्षणप्रसारासाठी त्यांनी तन, मन व धन वेचले. मुलींना शिकविणे हे पाप समजले जाई, त्या काळी १८४९ मध्ये निघालेल्या मुलींच्या शाळेस त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली व लोकनिंदा सोसली.

१८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळाचे ते सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी शिक्षणाकडे होता. नाना स्वतः उत्तम इंग्रजी जाणत. तरीही सामान्य जनांपर्यंत विद्या न्यावयाची तर ती देशी भाषेतूनच नेली पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. सत्ताधीशाच्या तोंडावर मायबोलीची बाजू मांडणारा हा सावकार आम्हा शिक्षकांना विशेष वंदनीय वाटतो.

लोहमार्गाच्या उभारणीसही त्यांनी हातभार लावला. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद नानांनी भूषविले, आणि या संस्थेने हिंदी प्रजेची गाऱ्हाणी थेट विलायतेच्या पार्लमेंटपुढे नेली. १८५७ च्या उठावात सरकारने त्यांच्यावर संशय घेतला; चौकशीत तो निराधार ठरला. पुढे तेच मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमले गेले.

३१ जुलै १८६५ रोजी नानांनी देह ठेवला. संस्कृताच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावे ठेवलेली शिष्यवृत्ती पुढे कित्येक पिढ्यांच्या मॅट्रिकच्या मुलांचे स्वप्न बनली.

असो. पेढी सांभाळणे हा आपला कुलधर्म खरा. पण पेढीची कमाई विद्येकडे वळविली, तरच आपण नानांचे ज्ञातिबांधव म्हणवून घेण्यास पात्र ठरू. ज्ञातीतील एकही मुलगा वा मुलगी पैशाअभावी शाळेबाहेर राहू नये, एवढे प्रत्येक घराने पाहावे, ही आमची नम्र विनंती.