अंगणात आलेली शाळा : कै. ताराबाई मोडक

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे मंडळाने मला सुचविले, तेव्हा मी कै. ताराबाई मोडक यांचे नाव सांगितले. सावित्रीबाई फुले, पंडिता रमाबाई यांची नावे आपली मुलेही सांगतात. ताराबाईंच्या कल्पनेतली अंगणवाडी मात्र गावोगाव रोज भरते आणि ती कोणाच्या डोक्यातून निघाली, हे तिथे मूल सोडायला येणाऱ्या आईला ठाऊक नसते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजातले, त्यामुळे घरात सुधारणेचे वारे होते. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी किती मुली एवढ्या शिकत, याची कल्पना आपल्या आज्यांना विचारून करावी. लग्न होऊन त्या अमरावतीस गेल्या, पण संसार फार काळ सुखाचा झाला नाही. त्याबद्दल मी येथे अधिक लिहीत नाही. पुढे राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची जागा होती. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारातून ते बालशिक्षणाकडे वळले आणि त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर काढले. म्हणजे या सगळ्या कामाचा उगम एका बापाच्या काळजीत आहे, हे मला फार मोलाचे वाटते. मादाम माँटेसरींची पद्धत या दोघांनी आपल्या मातीत रुजविली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षण पत्रिका’ हे मासिक गुजरातीत निघत होते, ते ताराबाईंनी मराठीत आणले. मूल का रडते, का हट्ट करते, त्याला मारून काय होते, हे शिक्षकांबरोबर आईबापांनाही समजावे, ही त्यामागची दृष्टी. पुढे दादरला त्यांनी शिशुविहार चालविले. येथवरचे त्यांचे काम शहरातल्या, शिकलेल्या घरांसाठी होते, असे म्हटले तरी चालेल.

खरा पालट झाला तो १९४५ साली. वयाची त्रेपन्न वर्षे झाली असता त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती हरिजन वस्तीतली मुले येईनात. दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. आजही असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, पाने, शिंपले, बिया मांडून रंग आणि संख्या शिकवायच्या. हीच अंगणवाडी.

यात युक्ती काय होती ती पाहा. शाळा अंगणात भरली की आई भाकरी थापता थापता ती पाहते. बाई मुलाशी कशा बोलतात, न मारता ते कसे ऐकते, हे तिच्या डोळ्यांसमोर घडते. तिला सभेला बोलवावे लागत नाही, नोटीस धाडावी लागत नाही. बाईंनाही घरात पीठ आहे की नाही, मूल का पेंगते, हे कळते.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे मोठी मुलगी कडेवर लहान भावंड घेऊन येई, नाही तर येतच नसे. आईबाप मजुरीला जात, तिने घर सांभाळायचे. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. ते नाव ऐकायला त्या नव्हत्या.

आता आपल्या जालन्याकडे वळते. आपल्याकडे शाळा गावात आली, खोल्या बांधल्या, भिंती रंगल्या; पण आई फाटकापाशी मूल सोडून मागे फिरते. आत काय चालते ते गुरुजींनी पाहावे, आपल्याला काय कळते, असे तिला वाटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. पण पुष्कळ ठिकाणी सही घरी येऊन घेतात आणि सभासद बाईला आपण सभासद आहोत हे त्या दिवशी कळते! अंबड, घनसावंगीकडची जोडपी ऊसतोडीला कोयता घेऊन बाहेर पडतात, तेव्हा मागे राहिलेल्या नातवंडांची पालक आजीच असते. तिला शाळेत कोण बोलावतो? कायद्यात आईबापांबरोबर सांभाळणारेही धरले आहेत, हे तिला सांगायला हवे.

मंडळापुढे माझी सूचना एवढीच आहे : दर शनिवारी आपल्यापैकी चौघींनी, गुरुजींना आधी विचारून, जवळच्या शाळेत तासभर बसावे. लिहिता न येणारीने जाते, ओवी, बियाणे यांच्या गोष्टी सांगाव्यात. आणि येताना शेजारच्या आजीलाही बरोबर आणावे.