६१७४: देवळालीच्या शाळामास्तरांनी शोधलेला आकडा

मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा आणि १९०५ हा आकडा घ्या. त्यातले अंक आधी उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. आता ९३५१ चं तेच करा. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ अशी स्टेशनं घेत सातव्या वजाबाकीला येतं ६१७४. आणि ६१७४ चं तेच केलं तर? पुन्हा ६१७४! चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत गाडी इथेच येऊन थांबते.

१९०५ उगाच नाही घेतलं. ही गंमत शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर त्याच वर्षी डहाणूला जन्मले. शिक्षण ठाण्यात, मग पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, १९२९ मध्ये बीएस्सी. पुढची पदवी नाही, प्राध्यापकी नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळेत शिकवत होते.

आकड्यांचा नाद मात्र सुटला नाही. डोंबिवली स्टेशनवर एक कल्पना सुचली, तर त्या संख्यांना त्यांनी स्टेशनचं जुनं नाव देऊन टाकलं: डेम्लो संख्या! ६१७४ चा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. बरंचसं लेखन स्वतःच पुस्तिका छापून लोकांपर्यंत नेलं.

देशातल्या अनेक गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. खरं सांगायचं तर टीका अगदीच बिनबुडाची नव्हती, यातून गणिताचे मोठे प्रश्न काही सुटत नव्हते. पण हसण्यासारखंही त्यात काही नव्हतं.

निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून मास्तर गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या लोकप्रिय सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि देवळालीचं हे नाव जगभर गेलं. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले. ६१७४ ला आता जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.