कचऱ्याच्या ढिगातून निघालेली ‘नाइट ट्रेन’

अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक साखळीत, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, १९५२ साली झालेला एक विक्रम सात दशके उलटली तरी अबाधित आहे. लॉस एंजेलिस रॅम्स या संघाच्या एका नवख्या खेळाडूने त्या मोसमात प्रतिस्पर्ध्यांचे चौदा पास हवेतल्या हवेत पळवले. मोसम होता अवघ्या बारा सामन्यांचा. पुढे सामने चौदा झाले, सोळा झाले, २०२१ पासून सतरा झाले. चेंडू फेकून खेळण्याची पद्धतही कितीतरी फोफावली. तरी चौदाच्या पुढे कोणी गेले नाही, चौदापर्यंतही कोणी पोहोचले नाही. विक्रम करणाऱ्याचे नाव रिचर्ड लेन, सर्वतोमुखी डिक ‘नाइट ट्रेन’ लेन. त्याच वर्षी तीस फेऱ्यांच्या निवडप्रक्रियेत साखळीतल्या एकाही संघाने त्याचे नाव घेतलेले नव्हते. महाविद्यालयीन फुटबॉलचा त्याचा अनुभव होता जेमतेम एका मोसमाचा, तोही नेब्रास्काच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या ज्युनियर कॉलेजातला.

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे विषयांतर. लेन ‘कॉर्नरबॅक’ होता. कबड्डीतला कोपरारक्षक आपल्याला ठाऊक आहे. हाही बचावफळीच्या टोकाला उभा राहणारा रक्षकच, पण याचे मैदान फार मोठे. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकणार, तो झेलण्यासाठी रिसीव्हर जिवाच्या आकांताने धावणार आणि कोपरारक्षकाने त्याच्यामागे सावलीसारखे लागायचे. रिसीव्हरला ठाऊक असते आपण कुठे वळणार. रक्षकाला ते ओळखावे लागते. तो चुकला तर त्याच्या पाठीशी सहसा कोणी नसते. पण त्याने अचूक ओळखले आणि फेकलेला चेंडू स्वतःच झेलला, तर डाव उलटतो. यालाच इंटरसेप्शन म्हणतात.

लेनचा जन्म टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरातला. तारीख १६ एप्रिल. वर्ष काही नोंदींत १९२७, तर काहींत १९२८. ज्या परिस्थितीत तो जगात आला ती पाहता हा घोळ स्वाभाविकच म्हणायचा. आई देहविक्रय करणारी आणि बाप तिच्या कमाईवर जगणारा. मूल तीन महिन्यांचे असताना ते कचऱ्यात टाकून देण्यात आले. तिथून जाणाऱ्या एला लेन नावाच्या विधवेच्या कानांवर रडण्याचा आवाज पडला. तिला आधी वाटले, मांजर असेल. जवळ जाऊन पाहते तर तान्हे मूल. तिला स्वतःची मुले होती, घरात पैशांची चणचण होती. पण तिने ते मूल उचलले, घरी नेले आणि त्याला आपले आडनाव दिले. आपल्याकडे नदीत सोडलेल्या कर्णाला राधा भेटते, तशी डिकला एला भेटली. फरक इतकाच, की या मुलाकडे कवचकुंडले नव्हती.

ऑस्टिनच्या रस्त्यांवर त्याने लोकांचे बूट चमकवले, हॉटेलांतली टेबले साफ केली. बिलियर्ड्सच्या अड्ड्यावर खेळताना हरलेला भिडू पैसे न देताच पळू लागला, तेव्हा याने हातातला पांढरा चेंडू असा नेमका फेकून मारला, की त्या चेंडूवरून मुलांनी त्याचे नावच ‘क्यू बॉल’ ठेवले. पुढे जगाने ज्या नावाने त्याला ओळखले त्याच्या आधीचे हे टोपणनाव.

शाळेत तो फुटबॉल खेळू लागला. शाळा होती एल. सी. अँडरसन हायस्कूल, कृष्णवर्णीय मुलांसाठीची. टेक्सासमध्ये तेव्हा शाळाच नव्हेत तर शाळांच्या स्पर्धाही वर्णानुसार वेगळ्या होत्या. त्याच ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठ होते, त्याचे भव्य स्टेडियम होते, फुटबॉलचा दबदबा होता. लेन शाळेतून बाहेर पडला तेव्हा त्या विद्यापीठाची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. कायद्याच्या शाळेचा दरवाजा न्यायालयाच्या आदेशाने किलकिला झाला तो १९५० साली. आणि विद्यापीठाचा मुख्य फुटबॉल संघ तर १९६९ पर्यंत संपूर्ण श्वेतवर्णीयच होता. घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मैदानावर पाऊल ठेवण्याची सोय नसलेल्या मुलाला खेळायला दुसरे राज्य गाठावे लागले, यात नवल ते काय!

तो गेला आयोवातल्या काउन्सिल ब्लफ्स या गावी, आणि राहायला गेला तो ज्या आईने त्याला टाकले होते तिच्याकडे. कुंती कर्णाकडे आली ती स्वतःच्या गरजेपोटी. इथे मुलगाच आईच्या दाराशी गेला. आईला माफ करणे त्याला किती जड गेले असेल याचा हिशेब मांडणारे आपण कोण? एवढे मात्र खरे, की एलाचे आडनाव त्याने अखेरपर्यंत सोडले नाही.

काउन्सिल ब्लफ्सच्या समोर, मिसूरी नदीपलीकडे, ओमाहा शहर आहे. तिथल्या ओमाहा रॉकेट्स या कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल संघात त्याने नाव नोंदवले. बेसबॉल खेळतानाच तो स्कॉट्सब्लफ ज्युनियर कॉलेजच्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या नजरेत भरला. स्कॉट्सब्लफ हेही नेब्रास्कातच. पण ओमाहा राज्याच्या पूर्व टोकाला, तर हे पश्चिम टोकाला, मध्ये सुमारे सातशे किलोमीटरचा माळ. बीटची शेते, साखरेचा कारखाना आणि दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारे छोटे महाविद्यालय. मोठ्या विद्यापीठांचे गुणशोधक या बाजूला सहसा फिरकत नसत.

तिथे १९४७ चा मोसम तो खेळला. आक्रमणातही आणि बचावातही, कारण तेव्हा छोट्या महाविद्यालयांत तीच अकरा मुले दोन्ही बाजूंनी खेळत. महाविद्यालयीन फुटबॉलचे त्याचे आयुष्य एवढेच. मोठा मुक्काम नाही, पदवी नाही, पुढच्या विद्यापीठाचे बोलावणे नाही. उरली ती वर्तमानपत्रांतली कात्रणे. ती त्याने जपून वहीत चिकटवली. पुढे कामी आली ती हीच वही.

१९४८ मध्ये तो सैन्यात भरती झाला. चार वर्षे कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ऑर्ड येथे होता आणि तिथल्या संघाकडून फुटबॉल खेळला. १९५१ च्या मोसमात त्याने टचडाउनचे अठरा पास झेलले. सैन्यातले फुटबॉल तेव्हा पोरखेळ नव्हते. कोरियाच्या युद्धामुळे भले भले खेळाडू गणवेशात होते. कात्रणांची वही जाड होत गेली.

सैन्यातून सुटल्यावर लॉस एंजेलिसमधल्या एका विमान कारखान्यात त्याला नोकरी मिळाली. कामाच्या नावात ‘फाइल’ हा शब्द होता, तेव्हा कचेरीत बसून कागदपत्रे लावायची असतील अशी त्याची समजूत. प्रत्यक्षात काम निघाले धातूचे जड पत्रे उचलण्याचे. पत्रे तेलाने माखलेले, उचलले की तेल अंगावर निथळायचे. रोजच्या बसच्या वाटेवर रॅम्स संघाची कचेरी लागे. एके दिवशी तो तिथे उतरला, वही काखोटीला मारून आत गेला आणि प्रशिक्षक जो स्टायडाहार यांच्यासमोर ती ठेवली.

हा संघ कोणता होता हे ध्यानात घ्यायला हवे. रॅम्स हे १९५१ चे साखळीविजेते होते. तसेच, नॅशनल फुटबॉल लीगमध्ये बारा-तेरा वर्षे कृष्णवर्णीयांना अघोषित बंदी होती. ती १९४६ साली केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांना घेऊन याच संघाने मोडली होती, तीही लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक कोलिझियमचा वापर हवा असेल तर संघाने भेदभाव करू नये, हा दबाव आल्यावर. लेनने बसमधून उतरण्यासाठी निवडलेले दार त्यामुळे अगदीच बंद नव्हते. पण वही घेऊन येणारे हौशी तरुण संघांना रोज भेटत असणार. स्टायडाहार यांनी ती चाळली आणि या तरुणाला संधी द्यायचे ठरवले. करार झाला साडेचार हजार डॉलरचा.

सराव शिबिरात लेनला रिसीव्हरच्या जागेसाठी आजमावले गेले. त्या जागी रॅम्सकडे आधीच टॉम फिअर्स आणि एलरॉय हर्श होते. पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. शिवाय आक्रमणाच्या डावपेचांची जाडजूड वही पाठ करणे लेनला जड जात होते. एका मोसमाच्या महाविद्यालयीन शिक्षणाची उणीव इथे जाणवली. समजून घ्यायला तो फिअर्सच्या खोलीत वारंवार जाई. फिअर्सला गाण्यांच्या तबकड्यांचा नाद, आणि त्या दिवसांत बडी मॉरोची ‘नाइट ट्रेन’ ही धून त्याच्या खोलीत सतत वाजत असे. लेन आला की ट्रेन आली, असे समीकरण एका सहकाऱ्याने जुळवले आणि नाव चिकटले. लेनला ते प्रथम रुचले नव्हते. ‘नाइट’ म्हणजे रात्र, हा आपल्या काळ्या रंगावर काढलेला चिमटा तर नाही, ही शंका त्याला होती. पुढे एका सराव सामन्यात त्याने वॉशिंग्टन संघाच्या चार्ली जस्टिसला अडवले. जस्टिसचे टोपणनाव ‘चू-चू’, म्हणजे झुकझुक गाडी. एका गाडीने दुसरीला रुळांवरून उतरवले, असा मथळा दुसऱ्या दिवशी छापून आला, आणि लेनची कुरकुर थांबली.

शिबिरातच प्रशिक्षकांच्या लक्षात आले, की डावपेच पाठ नसलेला हा गडी चेंडूवाल्याला गाठण्यात मात्र विलक्षण आहे. त्याला बचावात हलवले. काळही अनुकूल होता. १९५० पासून साखळीने खेळाडू हवे तितके बदलण्याची कायमची मुभा दिली होती. त्यामुळे आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे वेगळे अशी विभागणी झाली. कोपरारक्षण हा स्वतंत्र पेशा आकाराला येत होता आणि लेन नेमका त्या वेळी दारात उभा होता. दहा वर्षे आधी त्याला रिसीव्हर म्हणूनच उत्तीर्ण व्हावे लागले असते. बहुधा तो झाला नसता.

मोसमाची सुरुवात वाईट झाली. पहिल्याच पराभवानंतर स्टायडाहार पायउतार झाले, आणि ज्यांनी त्याला पारखून घेतले तेच निघून गेले. पहिल्या चारांतले तीन सामने रॅम्स हरले. पुढचे आठही जिंकले. या आठ विजयांत लेनचा वाटा मोठा होता. त्याची युक्ती धाडसाची होती. रिसीव्हरपासून तो मुद्दाम थोडा दूर राही. क्वार्टरबॅकला वाटे, गडी मोकळा आहे. चेंडू सुटला की लेन ते अंतर दोन-चार ढांगांत कापून चेंडूवर झडप घाली. सहा फुटांहून अधिक उंची, लांब हात आणि रिसीव्हर म्हणून घडलेली झेलण्याची सवय. रिसीव्हरच्या जागी जमले नाही ते इथे फळाला आले. चौदा इंटरसेप्शन, त्यांवर धावून काढलेले २९८ यार्ड आणि दोन टचडाउन. आधीचा विक्रम तेराचा होता. गंमत म्हणजे, निवडक खेळाडूंच्या प्रो बोल सामन्यासाठी त्या वर्षी त्याची निवड झाली नाही!

त्याच्या खेळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. चेंडूवाल्याचे पाय धरण्यापेक्षा तो मान आणि डोके लक्ष्य करी, म्हणजे पडताना गडी एक यार्डही पुढे सरकू नये. या पकडीला ‘नाइट ट्रेनचा नेकटाय’ असे नाव पडले. तेव्हाच्या नियमांत ती बसत होती. पण अशा पकडींचा धोका ओळखून साखळीने शिरस्त्राणाची जाळी धरण्यावर १९५६ मध्ये बंधने घातली, आणि चेंडूवाल्यालाही त्यांचे संरक्षण मिळाले ते १९६२ मध्ये. त्या पकडीचे कौतुक आजच्या काळात करवत नाही. मानेवरचे आघात काय करतात हे आता सर्वांना ठाऊक आहे.

१९५३ मध्ये त्याच्या नावावर तीनच इंटरसेप्शन लागली आणि १९५४ मध्ये रॅम्सने त्याला शिकागो कार्डिनल्सकडे सोपवले. त्या दुबळ्या संघाने त्या मोसमात बारांपैकी दोनच सामने जिंकले, पण लेनने दहा इंटरसेप्शनसह पुन्हा साखळीत पहिला क्रमांक पटकावला. प्रो बोलचे बोलावणेही आले. पुढे ते एकूण सात वेळा आले. १९६० ते १९६५ तो डेट्रॉइट लायन्सकडे होता. कारकीर्दीअखेर त्याच्या खात्यात ६८ इंटरसेप्शन होती.

जुलै १९६३ मध्ये त्याने प्रख्यात गायिका डायना वॉशिंग्टनशी विवाह केला. पाच महिन्यांनी, १४ डिसेंबरला, डेट्रॉइटच्या घरी तिला मृतावस्थेत पाहण्याची वेळ त्याच्यावरच आली. झोपेच्या औषधांच्या मिश्रणाने तिचा बळी घेतला होता. वय अवघे ३९.

१९६९ मध्ये साखळीच्या पहिल्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम कॉर्नरबॅक म्हणून त्याची निवड झाली, १९७४ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. त्यानंतरच्या वर्षी त्याने डेट्रॉइट पोलिसांच्या क्रीडा संघटनेची सूत्रे हाती घेतली. शहरातल्या रस्त्यावरच्या मुलांना मैदानावर आणणे हे तिचे काम. बूट पुसणाऱ्या, हॉटेलात टेबले साफ करणाऱ्या मुलांविषयी त्याला कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९९२ पर्यंत, म्हणजे खेळाडू म्हणून मैदानावर काढलेल्या वर्षांहून अधिक काळ, तो तिथे राहिला.

नंतर तो ऑस्टिनला परतला. २९ जानेवारी २००२ रोजी त्याच शहरात हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. २०१९ मध्ये साखळीने शंभर वर्षांतला सार्वकालिक संघ जाहीर केला, तेव्हा कोपरारक्षकांच्या यादीत डिक लेनचे नाव होते.